हायालिनोबॅट्राकियम: डोंगरउतारांवरचे काचबेडूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हायालिनोबॅट्राकियम म्हणजे नेमका कोणता बेडूक?

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ओढ्यांकाठच्या झाडाझुडपांवर राहणाऱ्या काचबेडकांचं एक स्वतंत्र कुळ आहे, सेंट्रोलेनिडी. त्यात दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या तिसाहून अधिक जाती ज्या प्रजातीत मोडतात ती हायालिनोबॅट्राकियम. कोलंबियात काम करणारे पेद्रो रुईझ-कारान्सा आणि जॉन लिंच यांनी 1991 साली ही प्रजाती वेगळी मांडली. तिची आदर्श जाती, म्हणजे जिच्यावरून प्रजातीची व्याख्या ठरते ती, मात्र बरीच जुनी आहे. ऑस्कर बटगर यांनी 1893 साली कोस्टा रिकातल्या सान होसेहून आलेल्या नमुन्यांवरून जिचं वर्णन केलं, ती फ्लाइशमानी.

बहुतेक जातींचा मोठा बेडूक दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचा असतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यावर बसेल एवढा. त्याचं सगळं आयुष्य पान आणि पाणी या दोन गोष्टींमध्ये जातं. लोक त्याला पारदर्शक पोटासाठी ओळखतात. पण या प्रजातीचं खरं वैशिष्ट्य पानाखाली अंडी सांभाळणाऱ्या बापात आहे, म्हणून या लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

हे बेडूक कुठे सापडतात? डोंगरउतारच का?

मेक्सिकोपासून खाली बोलिव्हियापर्यंत. कोस्टा रिका आणि पनामातल्या डोंगररांगा, अँडीजचे दोन्ही उतार, व्हेनेझुएलाचे किनारी डोंगर, गयानाचं पठार, शिवाय टोबॅगो बेट. सगळ्याच जाती डोंगरी नाहीत. याकू ही इक्वेडोरमधली जाती अॅमेझॉनच्या सखल जंगलात राहते. पण सर्वाधिक विविधता उतारांवरच दिसते आणि त्याला कारणं आहेत.

समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि जवळजवळ रोज धुकं किंवा पाऊस देते. पानं ओली राहतात. उतार तीव्र असल्याने ओढे उथळ, खळाळते आणि प्राणवायूने भरलेले असतात. धबधबे आड येत असल्याने वरच्या टप्प्यात मोठे मासेही कमी. त्यात प्रत्येक दरी शेजारच्या दरीपासून उंच कण्याने तुटलेली. दोन सेंटिमीटरचा बेडूक कोरडा कडा ओलांडून पलीकडे जात नाही, त्यामुळे दोन दऱ्यांमधल्या बेडकांच्या वाटा हळूहळू वेगळ्या होतात.

याचं ताजं उदाहरण इक्वेडोरचं आहे. 2022 साली तिथून मॅशपी आणि नाउन्स अशा दोन जातींचं एकत्र वर्णन झालं. दोन्ही अँडीजच्या पश्चिम उतारावरच्या, दोन्ही ग्वाय्याबांबा नदीच्या खोऱ्यातल्या, सारख्याच उंचीवरच्या आणि दिसायला इतक्या सारख्या की फोटोवरून वेगळ्या सांगता येऊ नयेत. नोंदींच्या जागा एकमेकींपासून वीस किलोमीटरच्या आतच आहेत, तरी जनुकीय फरक पाच टक्क्यांच्या जवळ निघाला.

सह्याद्रीत काचबेडूक आहेत का?

नाहीत. हे कुळ फक्त अमेरिका खंडात आहे. पावसाळ्यात कोणी ‘आंबोलीत काचबेडूक दिसला’ असा फोटो पाठवला, तर तो बहुधा एखाद्या झुडपी बेडकाचं पिल्लू असतो. कोवळ्या बेडकांची कातडी पातळ असते आणि टॉर्चच्या उजेडात ती आरपार वाटते.

राहणीमानात साम्य असलेले बेडूक मात्र आपल्याकडे आहेत. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत राहणारा निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर किंवा खडकांवर अंडी घालतो आणि त्याचे टॅडपोल खाली पाण्यात पडतात. मलबारचा उडता बेडूक पाण्यावरच्या फांद्यांना फेसाचं घरटं करतो. पाण्यातल्या शिकाऱ्यांपासून अंडी वर उचलून ठेवायची ही युक्ती जगात अनेक कुळांनी स्वतंत्रपणे शोधली आहे. त्यावरून नातं जोडू नये.

पोट खरंच आरपार दिसतं का?

हो, पण खालून. पाठीकडून पाहिलं तर पोपटी रंगाचा, पिवळसर ठिपक्यांचा साधा बेडूक दिसतो. पोटाची कातडी आणि तिच्याखालचे स्नायू रंगहीन असल्याने आतले अवयव दिसतात. यकृत आणि आतडं मात्र या प्रजातीत पांढऱ्याशुभ्र आवरणात असतात, कारण त्यावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या ग्वानिन स्फटिकांचा थर असतो.

हृदय दिसेल की नाही हे जातीवर ठरतं. फ्लाइशमानीमध्ये हृदयावरचं आवरणही पांढरं असतं, त्यामुळे धडधड दिसत नाही. व्हॅलेरिओई आणि याकूमध्ये ते आवरण पारदर्शक आहे आणि लाल हृदय स्पष्ट दिसतं. म्हणजे ‘काचबेडकाचं हृदय दिसतं’ हे सरसकट विधान चुकीचं आहे. ओळख पटवताना हाच फरक कामाला येतो.

आतले अवयव झाकले, पण रक्ताचं काय? ते तर लाल असतं.

हा प्रश्न बरीच वर्षं अनुत्तरित होता. उत्तर डिसेंबर 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. ड्यूक विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी इथल्या कार्लोस ताबोआदा, जेसी डेलिया आणि सहकाऱ्यांनी फ्लाइशमानी जातीवर काम केलं.

दिवसा हा बेडूक पानाला चिकटून झोपतो. झोपेत तो आपल्या सुमारे 89 टक्के तांबड्या पेशी रक्तप्रवाहातून काढून यकृतात साठवतो. यकृत फुगतं, त्याचं आरशासारखं पांढरं आवरण ती सगळी लाली झाकतं आणि उरलेल्या रक्तवाहिन्यांमधून जवळजवळ रंगहीन द्रव वाहत राहतो. त्यामुळे बेडकाची पारदर्शकता दोन ते तीन पट वाढते. रात्री तो जागा झाला की पेशी परत प्रवाहात येतात आणि शरीर लालसर दिसू लागतं.

हे मोजायला वेळ लागला, कारण प्रत्येक सोपी पद्धत हीच गोष्ट बिघडवते. हातात घेतलं की बेडूक जागा होतो. भूल दिली तरी लाली परत येते. म्हणून झोपलेल्या बेडकावर सौम्य लेझर सोडून, तांबड्या पेशींनी तो शोषल्यावर निघणारे ध्वनितरंग टिपावे लागले. या तंत्राला फोटोअकूस्टिक सूक्ष्मदर्शन म्हणतात.

वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. इतक्या पेशी एका जागी दाटून बसल्या तर आपल्या शरीरात गुठळ्या होतील. या बेडकात त्या होत नाहीत, उलट जखम झाली तर रक्त नेहमीसारखं गोठतं. हे कसं साधतं, यावर संशोधन चालू आहे.

पाठ तर हिरवी आहे, मग पारदर्शकतेचा उपयोग काय?

बेडूक पूर्ण अदृश्य होतो अशी कल्पना करू नका. 2020 साली जेम्स बार्नेट आणि सहकाऱ्यांनी काचबेडकांवर केलेल्या कामात दिसलं की धडापेक्षा पाय जास्त पारभासक असतात. झोपताना पाय अंगाभोवती दुमडलेले असल्याने बेडकाची कडा पानात विरघळल्यासारखी पुसट होते. शिकारी पक्षी आकार शोधतात, आणि इथे आकाराची रेघच मऊ झालेली असते. शिवाय खालचं पान उजळ असो वा गडद, बेडकाचा उजळपणा त्याच्याशी थोडा जुळवून घेतो. इक्वेडोरच्या जंगलात जिलेटिनचे बेडूक ठेवून पाहिलं तेव्हा अपारदर्शक नमुन्यांवर पक्ष्यांनी जास्त चोची मारल्या.

फ्लाइशमानीची पाठ मानवी डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाशही पानाप्रमाणेच परावर्तित करते, हे 1977 सालीच नोंदवलं गेलं होतं.

दुसऱ्या काचबेडकांपासून ही प्रजाती वेगळी कशी ओळखायची?

एकच खूण पुरत नाही, चार-पाच एकत्र पाहाव्या लागतात.

जिवंत बेडकात हाडं पांढरी असतात. कुळातल्या अनेक इतर प्रजातींमध्ये ती हिरवी असतात आणि पायाच्या कातडीतून ती हिरवट झाक दिसते. यकृत गोलसर आणि पांढऱ्या आवरणातलं. सेंट्रोलेनसारख्या प्रजातींत ते पाळ्यांमध्ये विभागलेलं, आवरण पारदर्शक आणि म्हणून तपकिरी-लाल दिसतं. सेंट्रोलेन आणि एस्पादाराना या प्रजातींच्या नरांच्या दंडाला काट्यासारखं हाड असतं, ते इथे नसतं. अंडी फिकट हिरवी, पानाच्या खालच्या बाजूला, एकाच थरात. एस्पादाराना प्रोसोब्लेपॉनची अंडी काळी असतात, ती पाहून लगेच वेगळं काढता येतं.

फसगत होते ती टेराटोहायला पुल्व्हेराटाशी. तिचेही अवयव पांढऱ्या आवरणात असतात. फक्त पोटाच्या फोटोवरून ठरवू नका, अंडी आणि आवाज पाहा.

झाडबेडकांपासून काचबेडूक वेगळे काढायचे तर डोळे पाहा. काचबेडकाचे डोळे बाजूला नसून बरेचसे समोर रोखलेले असतात. घोट्याजवळची दोन हाडं एकजीव झालेली असणं ही कुळाची पक्की खूण आहे, पण ती क्ष-किरणातच दिसते.

नर कसा ओरडतो? एका रात्रीत किती वेळ?

बहुतेक जातींचा आवाज बारीक शिट्टीसारखा किंवा ‘पीप’ असा. फ्लाइशमानीची शिट्टी छोटी आणि चढत्या स्वराची असते. नर आपल्या पानावरून ओरडतात आणि ती जागा आठवडे, कधी महिनेही सोडत नाहीत. दुसरा नर जवळ आला की आवाज बदलतो, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर कुस्ती होते. दोघे पानाच्या कडेला मागच्या पायांनी लटकून एकमेकांना ढकलतात.

अंधार पडल्यावर सुरुवात होते. पाऊस पडून गेलेल्या, वारा नसलेल्या रात्री मध्यरात्रीनंतरही आवाज चालू असतो. कोरडा वारा सुटला की ओढा शांत होतो.

अंडी पानाखालीच का घालतात?

वरच्या बाजूला पावसाचा थेंब थेट आपटतो, सकाळचं ऊन पडतं आणि पक्ष्यांना सहज दिसतं. खालच्या बाजूला हे तिन्ही टळतात. तोटा एवढाच की पाऊस अंड्यांपर्यंत थेट पोचत नाही. वरच्या बाजूला घातलेल्या अंड्यांचा जेली-थर पाऊस पिऊन जाड होतो. पानाखालचा पातळ थर दोन-तीन कोरड्या रात्रींत सुकतो. म्हणून पाणी आणून देणारं कोणी तरी लागतं.

बाप अंड्यांसाठी नेमकं काय करतो?

या प्रजातीत पिल्लांची जबाबदारी नराची. मादी अंडी घालून निघून जाते. कुळातल्या इतर अनेक काचबेडकांमध्ये उलट चित्र आहे. जेसी डेलिया, लॉरा ब्राव्हो-व्हॅलेन्सिया आणि कॅरेन वॉर्केंटिन यांच्या 2017 च्या अभ्यासातून पुढे आलं की तिथे मादी पहिल्या रात्री काही तास अंड्यांवर बसून जेली फुगवते आणि मग जाते. पूर्वीच्या निरीक्षकांना ही गोष्ट दिसलीच नव्हती, कारण ती मध्यरात्रीनंतर घडते.

हायालिनोबॅट्राकियमचा नर मात्र दिवसेंदिवस राहतो. ओल्या पानावर बसून तो मांड्यांजवळच्या पातळ कातडीतून पाणी शोषतो आणि मूत्राशयात साठवतो. मग अंड्यांच्या गादीवर चढतो, चारही पाय पसरून पोट चपटं करतो आणि ते पाणी अंड्यांवर सोडतो. जवळून पाहिलं तर आधी सुरकुतलेली जेली हळूहळू तुकतुकीत होते, आतले गोळे एकमेकांपासून सुटे दिसू लागतात आणि वळलेले भ्रूण जागच्या जागी फिरताना दिसतात. काही वेळाने नर सरकून शेजारच्या गादीवर जातो.

शेजारची गादी म्हणण्याचं कारण असं की एका नराकडे एका वेळी अनेक माद्यांच्या अंड्यांचे पुंजके असू शकतात. व्हॅलेरिओईच्या नराकडे सात पुंजकेही नोंदले गेले आहेत. ते वेगवेगळ्या वयाचे असतात. एक ताजा हिरवा, एकात डोळे दिसू लागलेले, एक फुटायच्या बेतात.

हवामान पाहून बाप आपलं वेळापत्रक बदलतो. फ्लाइशमानीवर मेक्सिकोत झालेल्या कामात दिसलं की कोरड्या रात्री तो अंड्यांवर जास्त वेळ बसतो आणि पावसाळी रात्री ओरडण्याकडे वळतो. अंडी सुकू लागली आहेत हेही त्याला कळतं.

मादी कोणता नर निवडते?

आधीच अंडी सांभाळणारा. कॅपेलेई जातीवर अॅमेझॉनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नराचा आकार किंवा जागेचा दर्जा यापेक्षा तो अंड्यांवर बसतो आहे का, याला माद्यांनी जास्त महत्त्व दिलं. ज्याच्याकडे एकही पुंजका नाही त्याला पहिली मादी मिळवणं सर्वांत कठीण.

बाप मेला किंवा पळून गेला तर?

मोठे झालेले भ्रूण वाट पाहत बसत नाहीत. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात फ्लाइशमानीचे नर मुद्दाम बाजूला केले तेव्हा सुकू लागलेल्या अंड्यांतले भ्रूण वेळेआधी फुटून खाली पडले. बाप असलेल्या अंड्यांतले टॅडपोल जास्त दिवस आत राहून मोठे आणि पोहायला तयार होऊन पडतात. लवकर पडलेले लहान, अजून पोटात पिवळा बलक असलेले, म्हणून पाण्यात जास्त सहज खाल्ले जातात. अगदी कोवळ्या अंड्यांना मात्र हा मार्ग नाही, ती वाळतात.

अंडी कोण खातं?

मुंग्या, गांधीलमाश्या, नाकतोड्यांच्या जातीचे कीटक, कोळी आणि कापणीकोळी, शिवाय मांजरडोळ्या साप. काही माश्या जेलीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतून भ्रूण खात जातात. बुरशी लागते ती बहुधा मेलेल्या अंड्याला आणि तिथून पसरते.

या बाबतीत कोस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पातल्या दोन जातींची तुलना प्रसिद्ध आहे. रॉय मॅकडायर्मिड यांनी 1978 साली ती मांडली. कोलिम्बिफिलमचा नर मुख्यतः रात्री अंड्यांजवळ असतो, व्हॅलेरिओईचा नर दिवसरात्र. दिवसा हल्ला करणाऱ्या गांधीलमाश्यांमुळे फरक पडतो आणि व्हॅलेरिओईची अंडी जास्त वाचतात. व्हॅलेरिओईच्या पाठीवर हिरव्या जाळीत पिवळे मोठे ठिपके असतात. पुंजक्याशेजारी बसलेला नर दुसऱ्या पुंजक्यासारखाच दिसतो.

टॅडपोल लाल का दिसतात? पाण्यात दिसत का नाहीत?

ते पाण्यात मोकळे पोहतच नाहीत. खाली पडल्यावर ओढ्याच्या तळातल्या कुजक्या पानांच्या थरात, वाळूत किंवा बारीक खडीत शिरतात. शरीर लांबट, शेपूट मजबूत, डोळे लहान. कातडीत गडद रंगद्रव्य कमी असल्याने तिच्याखालच्या रक्ताची लाली बाहेर दिसते. तिथे वाढ सावकाश होते. बेडूक व्हायला कित्येक महिने लागतात.

म्हणून ओढ्यात वाळू उपसणं, रस्त्याच्या कामाची माती सोडणं किंवा तळातला पालापाचोळा ‘स्वच्छ’ करणं हे या बेडकांना झाडतोडीइतकंच घातक. झाडं जागेवर दिसतात, पानांवर नर ओरडत असतात, आणि तळातली पुढची पिढी गाळाखाली गुदमरून गेलेली असते.

कोस्टा रिका किंवा इक्वेडोरला जाणार आहोत. काचबेडूक कसे शोधावेत?

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी कुटुंबं कोस्टा रिकाला सुट्टीत जातात, त्यामुळे हा प्रश्न सतत येतो. कोस्टा रिकात कुळाच्या 14 जाती आहेत आणि त्यातल्या 7 हायालिनोबॅट्राकियमच्या. पॅसिफिक बाजूला मे ते नोव्हेंबर हा पावसाळा निवडा. कॅरिबियन बाजूला वर्षभर संधी असते. इक्वेडोरच्या पश्चिम उतारावर साधारण डिसेंबर ते मे.

परवाना असलेला स्थानिक वाटाड्या घ्या आणि रात्री 7 नंतर निघा. दुपारी पाऊस होऊन थांबलेला असेल तर उत्तम. उघड्या माळावरचा ओढा नको. वर झाडांचं छत, कडेला हेलिकोनिया किंवा अळूच्या कुळातल्या रुंद, गुळगुळीत पानांची झाडी आणि खाली स्वच्छ वाहतं पाणी, असा पट्टा शोधा.

आधी टॉर्च विझवून पाच मिनिटं ऐका. आवाज आला ती दिशा धरा. मग ओढ्यात, खडकावर उभं राहून प्रकाश खालून वर पानांच्या तळाशी टाका. बेडूक शोधू नका, अंडी शोधा. ओलसर चमकणारा फिकट हिरवा चकता दिसला की नर बहुधा वीतभर अंतरात असतो. डोक्याच्या उंचीपासून दोन-तीन मीटर वरपर्यंत पाहा. पान हाताने उलटवू नका. पान वाकवलं की नर उडी मारतो, आणि ओली जेली देठापासून सुटून पडू शकते.

चूक होते ती घाईत. लोक शंभर मीटर ओढा अर्ध्या तासात तुडवून काढतात. तेवढ्याच वेळात दहा मीटर नीट पाहिले तर जास्त मिळतं.

पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. त्या ओढ्यांकाठी तेर्सिओपेलो हा अत्यंत विषारी साप असतो. वरच्या डोंगरात ढग गडगडत असतील आणि पाणी अचानक गढूळ झालं, तर लगेच बाहेर पडा. पूर येतो तो मिनिटांत.

बूट आणि सामान निर्जंतुक का करायचं? कसं?

बॅट्राकोकिट्रियम डेंड्रोबॅटिडिस ही बुरशी पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते आणि बेडकाच्या कातडीवर वाढते. थंड-दमट उतार तिला मानवतात. कोस्टा रिकाच्या मोंतेवेर्दे भागात 1980 च्या दशकाच्या अखेरीस उभयचरांची संख्या कोसळली. तिथला सोनेरी भेक 1989 नंतर कोणाला दिसला नाही. ती पडझड कशी झाली यावर बुरशी आणि हवामान दोन्हींची चर्चा होते, पण एका दरीतली बुरशी दुसऱ्या दरीत नेण्याचं काम माणसाच्या बुटांनी होऊ नये हे नक्की.

आधी ब्रशने सगळा चिखल काढा. हा टप्पा गाळला तर पुढचं वाया जातं, कारण चिखलातले सेंद्रिय कण जंतुनाशकाची ताकद खातात. मग एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम व्हर्कॉन एस हे जंतुनाशक घालून बूट, काठी आणि ट्रायपॉडचे पाय पाच मिनिटं ओले ठेवा. नंतर ओढ्यापासून दूर धुवा आणि पूर्ण कोरडे करा. डास पळवणारं मलम लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श नको, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

पारदर्शक पोटाचा फोटो कसा काढतात? आम्हाला जमेल का?

इंटरनेटवरचे बहुतेक फोटो बेडकाला काचेवर ठेवून खालून काढलेले असतात. ते संशोधनाच्या परवान्याखाली ठीक आहे. पर्यटकाने तो प्रयत्न करू नये. पकडलेला बेडूक घाबरलेला, जागा आणि म्हणून लालसर असतो.

पानाखाली बसलेल्या नराचा फोटो जास्त बोलका येतो. 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ 11 च्या आसपास, फ्लॅशवर डिफ्यूझर. पानाच्या वरच्या बाजूने दुसऱ्या माणसाने मंद टॉर्च धरली की बेडकाची बाह्यरेषा आणि अंडी उजळतात. पाच-सहा फोटो काढून पुढे जा. नर अंड्यांवर बसलेला असेल तर तेवढेही नकोत, कारण तो उठला तर त्या रात्रीचं पाणी चुकतं.

संग्रहालयातल्या बाटलीत काचबेडूक पांढरट का दिसतो?

फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडतो आणि ऊती अपारदर्शक होतात. जुन्या नमुन्यांवरून जाती ओळखणं त्यामुळेच अवघड गेलं. आता जिवंतपणीचे फोटो, आवाजाची नोंद आणि जनुकीय नमुना एकत्र ठेवतात.

अजून नव्या जाती सापडतात का?

सापडतात. ब्रायन कुबिकी आणि सहकाऱ्यांनी 2015 साली कोस्टा रिकाच्या कॅरिबियन पायथ्याच्या डोंगरांतून डायनेई वर्णिली, आणि तिच्या मोठ्या पांढऱ्या डोळ्यांमुळे ती जगभर पोचली. 1973 नंतर त्या देशातून वर्णन झालेला हा पहिलाच नवा काचबेडूक. याकू 2017 ची. उलट दिशेनेही काम चालतं. मेक्सिकोपासून दक्षिणेपर्यंत एकच समजली जाणारी फ्लाइशमानी जनुकीय अभ्यासात अनेक तुकड्यांत निघाली. जुन्या लेखातला तिचा प्रदेश वाचून आजची जाती ठरवू नका.

घरी पाळता येतात का? भारतात मागवता येतील का?

मागवू नका. काचबेडकांचा व्यापार किती झपाट्याने वाढला ते एका आकड्यावरून कळतं. अमेरिकेत 2016 साली 13 काचबेडूक आयात झाल्याची नोंद आहे, 2021 साली 5744. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामातल्या परिषदेत संपूर्ण सेंट्रोलेनिडी कुळ साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये (परवान्यानेच व्यापार) घेतलं गेलं, अंमल 23 फेब्रुवारी 2023 पासून. आधी 2019 साली असाच प्रस्ताव फेटाळला गेला होता.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने साइट्सच्या तरतुदी देशी कायद्यात आणल्या आहेत. परवान्याशिवाय असा जिवंत प्राणी आणणं गुन्हा ठरतो. ऑनलाइन विक्रेता ‘पैदास केंद्रातला आहे’ म्हणाला तरी कागद मागा. ते नसतात.

कागद असले तरी घरात तो जगवणं कठीण आहे. 20 ते 25 अंश तापमान, सतत दमट पण खेळती हवा, क्लोरीन नसलेलं पाणी, रोज फळमाश्या आणि सुईच्या टोकाएवढे रातकिडे. हवा कोंडली की कातडीला जिवाणू लागतात, हवा कोरडी झाली की एका रात्रीत बेडूक सुकतो. आपल्या उन्हाळ्यात वीज दोन तास गेली तरी संपलं.

डोंगरात सर्वांत मोठा धोका कशाचा?

जंगलतोड, ओढ्यातला गाळ आणि खाणी. इक्वेडोरच्या वायव्य उतारावर, जिथे या प्रजातीच्या नव्या जाती मिळत आहेत, तिथेच तांबं आणि सोन्याचे साठे आहेत. त्या भागातल्या लॉस सेद्रोस संरक्षित जंगलातली खाणकामाची परवानगी देशाच्या घटनात्मक न्यायालयाने 2021 च्या अखेरीस रद्द केली. इक्वेडोरच्या 2008 च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आहेत, त्यांचा आधार घेऊन. एकेका दरीपुरती मर्यादित जाती असली की एका खाणीत ती संपू शकते.

हवामानाचा परिणाम अधिक छुपा आहे. सलग कोरड्या रात्री वाढल्या तर बाप किती पाणी आणू शकतो, याला मर्यादा आहे.

नोंद कुठे आणि कशी करावी?

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर करा. पाठीचा फोटो, शक्य असेल तर पानाखालून मिळालेला पोटाचा फोटो, अंड्यांचा रंग आणि ती पानाच्या कोणत्या बाजूला होती, आणि एक मिनिटाचा आवाज. मोबाइलवरची ध्वनिमुद्रणं चालतात, फक्त वाहत्या पाण्यापासून तोंड वळवून धरा. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वेळ लिहा. ठिकाण ‘अस्पष्ट’ करून ठेवा. अंड्यांचे पुंजके चोरणारे लोक याच नोंदी वाचून ओढा शोधतात.